स्टेजसाठी डिजिटल वायरलेस माईक: २.४ गिगाहर्ट्झ की यूएचएफ? ८ चॅनेलला नेमकं काय काय लागेल?

पडदा_उघडा (प्रश्न)

गाणी आणि नाच असलेल्या नाटकासाठी डिजिटल वायरलेस माईकचा पूर्ण संच घ्यायचा आहे. ६ नटांना हेडसेट आणि बॉडीपॅक (कमरेला लावायचा ट्रान्समीटर), निवेदक आणि गायिकेसाठी २ हँडहेल्ड, असे एकावेळी ८ चॅनेल चालू राहतील. रंगमंच साधारण १२ मीटर रुंद. मिक्सर प्रेक्षागृहात मागे, स्टेजपासून २५ मीटरवर असतो, डिजिटल आहे आणि टॅबलेटवरून वाय-फायने चालवतो. दोघं जण वायरलेस इन-इअर मॉनिटर (मिक्सरमधला आवाज कानात ऐकवणारे) वापरतात. नटांच्या मागे एलईडी वॉल असते. प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी होतात.

अडलंय ते असं. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना परवाना लागत नाही, फ्रिक्वेन्सी ते स्वतःच शोधतात, शिवाय स्वस्तही पडतात. मग यूएचएफच (टीव्ही प्रसारणाचा फ्रिक्वेन्सी पट्टा) का घ्यायचं? लेटन्सीचा (आवाज पुढे पोचायला लागणाऱ्या उशिराचा) आकडा प्रत्येक कंपनी वेगळा देते, किती मिलिसेकंदांपर्यंत चालवून घ्यावं? ८ रिसीव्हर, प्रत्येकाला दोन म्हणजे १६ अँटेना, ते कसं सोडवायचं? आणि रॅक स्टेजजवळ ठेवायचा की मिक्सरजवळ?

लहर_लांबी

कंपनी आणि मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा), मग चॅनेलची संख्या, मग अँटेना. डिजिटल संचांच्या आवाजात आता फारसा फरक राहिलेला नाही. ॲनालॉगमध्ये आवाज हवेतून पाठवण्यासाठी दाबून रिसीव्हरमध्ये पुन्हा फुलवावा लागायचा आणि त्या कम्पँडरचा परिणाम टाळीच्या किंवा तंतुवाद्याच्या आवाजात जाणवायचा. डिजिटलमध्ये ती पायरीच नाही. फरक पडतो तो गर्दीच्या हवेत सिग्नल टिकतो की नाही, यात.

२.४ गिगाहर्ट्झचा बँड २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. वाय-फायचं एक चॅनेल त्यातले २० मेगाहर्ट्झ घेतं. १, ६ आणि ११ या तीन चॅनेलवर राउटर चालू असले की बँड जवळपास भरला. ब्लूटूथही तिथेच. दुपारी रिकाम्या सभागृहात चाचणी घेतली की सगळं व्यवस्थित वाटतं. प्रेक्षक आत आले की शेकडो फोन वाय-फाय आणि ब्लूटूथ शोधत बसतात आणि तोच संच पहिल्या अंकात तुटायला लागतो. संच बिघडलेला नसतो, चाचणीच्या वेळी हवा वेगळी होती एवढंच.

दुसरं कारण शरीराचं. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर, ६०० मेगाहर्ट्झला ५० सेंटिमीटर. तरंग जितका आखूड तितका तो माणसाच्या अंगात जास्त शोषला जातो आणि अंगाला वळसा घालून कमी पोचतो. कमरेला पॅक लावलेला नट गिरकी घेतो, तिघांच्या मागे जातो, जमिनीवर आडवा होतो. नाचाच्या नाटकात हे पदोपदी होणार.

दोन-तीन माईक, १०-१५ मीटर अंतर आणि रिसीव्हर समोर दिसतोय, अशा कामाला २.४ उत्तम आहे. तुमच्या ८ चॅनेलना यूएचएफच घ्या. १.९ गिगाहर्ट्झच्या डेक्ट (कॉर्डलेस फोनच्या) बँडवरचेही माईक मिळतात, पण ते बैठका-भाषणांचे. त्यांची लेटन्सी गाण्याला चालत नाही.

यूएचएफ घेताना मॉडेलच्या नावापुढचा बँडचा कोड नीट वाचा. एकच मॉडेल पाच-सात वेगवेगळ्या बँडमध्ये विकलं जातं आणि दिसायला सगळी सारखीच. यूएचएफचा वरचा भाग बऱ्याच देशांत मोबाइल सेवेकडे गेला आहे. अमेरिकेत १३ जुलै २०२० नंतर ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मधले लहान तुकडे सोडले तर, वायरलेस माईक वापरता येत नाहीत. युरोपात ८६३ ते ८६५ परवान्याशिवाय खुलं आहे, पण त्या २ मेगाहर्ट्झमध्ये तुमचे ८ माईक सुखाने नांदणार नाहीत. जुना संच स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी त्याचा बँड तुमच्या देशाच्या चालू नियमांत बसतो का, हे तपासायलाच हवं. बेकायदा तर आहेच, वर शेजारच्या मोबाइल टॉवरपुढे १० मिलिवॅटच्या माईकचा टिकाव लागत नाही.

प्रयोग फिरते आहेत म्हणून ट्यूनिंगची रुंदीही बघा. टीव्हीचं एक चॅनेल देशाप्रमाणे ६, ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ व्यापतं. संचाला २४ मेगाहर्ट्झच रुंदी असेल आणि एखाद्या गावी त्यात दोन टीव्ही चॅनेल चालू असतील, तर ८ माईकना जागा कमी पडू शकते. ४० ते ६० मेगाहर्ट्झ रुंदीचा संच असला की कुठे ना कुठे वाट सापडते.

आरएफ_रॅक

वरच्याशी सहमत. इंटरमॉड्युलेशनचं राहिलं, ते जोडतो. ८ चॅनेल म्हणजे ८ मोकळ्या फ्रिक्वेन्सी, असा हिशोब केला तर फसाल.

दोन ट्रान्समीटर जवळ आले की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि हवेत नसलेल्या नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. सगळ्यात त्रासदायक तिसऱ्या क्रमाच्या: पहिलीची दुप्पट वजा दुसरी. एक माईक ५२०.० वर आणि दुसरा ५२०.६ वर असेल, तर भुतं ५१९.४ आणि ५२१.२ वर उभी राहतात. तिसरा माईक तुम्ही नेमका ५२१.२ वर लावला असेल, तर दोन नट एकमेकांजवळ आले की तिसऱ्याचा आवाज तुटणार आणि तुम्ही तिसऱ्याचा पॅक बदलत बसणार.

८ ट्रान्समीटरमध्ये दोघा-दोघांमुळे ५६ आणि तिघा-तिघांमुळे १६८ अशा तिसऱ्या क्रमाच्या २२४ जागा तयार होऊ शकतात. कागदावर हे सोडवू नका. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर फुकट मिळतात (शुअरचं वायरलेस वर्कबेंच, सेनहायझरचं वायरलेस सिस्टिम्स मॅनेजर). त्यात तुमचे इन-इअरही टाका. तेही ट्रान्समीटरच आहेत, आणि माईकपेक्षा जास्त ताकदीचे असू शकतात.

समान अंतरावर फ्रिक्वेन्सी लावू नका, हे वरच्या उदाहरणातून कळलंच असेल. ०.६, ०.६, ०.६ असं लावलं की प्रत्येक भूत नेमकं कुणाच्या तरी डोक्यावर बसतं.

मिक्सरमागे

@आरएफ_रॅक, शेवटच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती. सगळ्या संचांना हा नियम लागत नाही. काही डिजिटल संचांच्या ट्रान्समीटरचं आउटपुट इतकं सरळ रेषेत चालतं की भुतं नगण्य राहतात, आणि कंपनी स्वतःच समान अंतर ठेवायला सांगते. सेनहायझरच्या ईडब्ल्यू-डी मालिकेत ६०० किलोहर्ट्झची समान पायरी चालते. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच करा. लिहिलं नसेल तर तुमचा नियम बरोबर आहे. आणि मिश्र संच असेल, म्हणजे चार नवे आणि चार जुने ॲनालॉग, तर जुन्यांची भुतं येणारच. तेव्हा सगळ्यांचा हिशोब एकत्र सॉफ्टवेअरमध्येच करा.

आता लेटन्सी. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. ३ मिलिसेकंदांची लेटन्सी म्हणजे स्पीकर १ मीटर मागे सरकवल्यासारखं. प्रेक्षकांना ते कळणारही नाही. जमिनीवरच्या मॉनिटरवर गाणाऱ्यालाही नाही.

प्रश्न येतो तो इन-इअरवाल्या दोघांचा. स्वतःचा आवाज त्यांना कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतो आणि कानातून उशिरा. दोन्ही एकत्र आले की काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. गायक त्याला उशीर म्हणत नाही, "माझा आवाज वेगळाच येतोय" असं म्हणतो. म्हणून एकट्या माईकचा आकडा बघून चालत नाही, सगळी साखळी मोजा: माईक, मिक्सर, इन-इअर. माईक २ ते ३ मिलिसेकंद (शुअर क्यूएलएक्स-डीचा २.९, ईडब्ल्यू-डीचा १.९), डिजिटल मिक्सर साधारण १ ते २, आणि इन-इअर ॲनालॉग असेल तर जवळपास शून्य. बेरीज ५ च्या आत राहते, ते ठीक आहे. इन-इअरही डिजिटल घेतलं तर त्याचे आणखी मिलिसेकंद वाढतात आणि गायिकेची तक्रार येऊ शकते. तुमचे सध्याचे इन-इअर ॲनालॉग असतील तर ते बदलायची घाई करू नका.

आणि हो, मिक्सरच्या टॅबलेटचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. माईक यूएचएफ असले तरीही. प्रेक्षक भरल्यावर २.४ वर टॅबलेट मिक्सरला सोडून जातो आणि फेडर हातात असून उपयोग नसतो.

अँटेना_उंच

रॅक आणि अँटेनाचं उत्तर देतो. या मुद्द्यावर सगळ्यात कमी खर्च होतो आणि सगळ्यात जास्त प्रयोग याच्यामुळेच बिघडतात.

रॅक स्टेजच्या बाजूला, विंगेत ठेवा. मिक्सर २५ मीटरवर आहे. तिथे अँटेना ठेवल्या तर सिग्नलला प्रेक्षकांच्या डोक्यांवरून यावं लागतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेतही सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, आणि मध्ये माणसं आली की कधी २० डेसिबलपर्यंत. रिसीव्हरमधून निघालेला ऑडिओ मात्र एक्सएलआरने (माईकच्या नेहमीच्या तारेने) किंवा स्टेजबॉक्समधून (स्टेजवरचे आवाज मिक्सरकडे नेणाऱ्या पेटीतून) २५ मीटर बिनघोर जातो. म्हणून हवेतला प्रवास आखूड ठेवा, तारेतला लांब असला तरी चालेल. रॅक मिक्सरजवळ हवाच असेल तर अँटेना तरी स्टेजजवळ आणा.

८ रिसीव्हरना १६ अँटेना लावायच्या नाहीत. दोनच अँटेना आणि ॲक्टिव्ह अँटेना डिस्ट्रिब्यूटर (अँटेनाचा सिग्नल सगळ्या रिसीव्हरना वाटून देणारी, विजेवर चालणारी पेटी). बहुतेक डिस्ट्रिब्यूटर १ ला ४ असतात; ८ एकेरी रिसीव्हर असतील तर दोन लागतील, एकातून दुसऱ्यात कॅस्केड करून. ४ चॅनेल एकाच खोक्यात असलेले रिसीव्हर घेतले तर बऱ्याच मॉडेलमध्ये अँटेनाचा कॅस्केड आतच असतो आणि एक पेटी वाचते. साधा पॅसिव्ह स्प्लिटर दोन भाग करताना ३ डेसिबलहून थोडा जास्त सिग्नल खातो. चार भाग केले तर ६ हून जास्त. दोनासाठी चालवून घ्या, आठासाठी नको.

डिस्ट्रिब्यूटर अँटेनाच्या सॉकेटवर डीसी व्होल्टेज सोडतो, बूस्टर (अँटेनाजवळ सिग्नल वाढवणारं यंत्र) चालवण्यासाठी. मध्ये पॅसिव्ह स्प्लिटर किंवा डीसीला शॉर्ट असलेली अँटेना आली तर ते व्होल्टेज शॉर्ट होऊ शकतं. मेनूतून बंद करा किंवा डीसी ब्लॉकर घाला.

अँटेना पॅडलच्या आकाराच्या दिशादर्शक घ्या. टोक स्टेजकडे, पाठ एलईडी वॉलकडे किंवा निदान बाजूला. एलईडी वॉल यूएचएफमध्ये भरपूर गोंगाट सोडते, आणि दिशादर्शक अँटेनाची पाठ तिच्याकडे केली की तो बराच कमी होतो. तुमच्याकडे वॉल नटांच्या मागे आहे, म्हणजे प्रेक्षागृहाच्या बाजूने स्टेजकडे रोखलेली अँटेना थेट वॉलकडेच बघणार. म्हणून दोन्ही विंगांच्या पुढच्या कोपऱ्यांतून आडव्या, स्टेज ओलांडून बघतील अशा लावा. उंची नटांच्या डोक्यांवर, अडीच ते तीन मीटर. लोखंडी ट्रसला चिकटवू नका, निदान अर्धा मीटर सोडा.

दोन अँटेनांमध्ये कमीत कमी पाव तरंगलांबी अंतर हवं (६०० मेगाहर्ट्झला १२.५ सेंटिमीटर), दोन-तीन मीटर किंवा त्याहून जास्त ठेवलंत तर आणखी चांगलं, कारण एकीला नटाचं अंग आड आलं तरी दुसरीला दिसतं. दोन्ही उभ्या ठेवू नका. एक ४५ अंश डावीकडे, एक उजवीकडे कलती. बॉडीपॅकची अँटेना उभी असते, हँडहेल्ड गाताना आडवा होतो, आडवा पडलेल्या नटाचा पॅक आणखी तिसऱ्या दिशेला. कलत्या जोडीपैकी एकीला तरी प्रत्येक अवस्था पकडता येते.

केबल ५० ओहमची. बारीक आरजी-५८ यूएचएफमध्ये १० मीटरला सुमारे ४ डेसिबल खाते, जाड एलएमआर-४०० जातीची १० मीटरला सुमारे १. तुम्हाला एका विंगेतून दुसऱ्या विंगेत १५ ते २० मीटर केबल न्यावी लागेल. तिथे जाडच वापरा. बूस्टर लावलात तर केबलमध्ये गेलं तेवढंच भरून काढा, त्याहून जास्त नाही. जास्त वाढवलं की रिसीव्हरचं तोंड भरतं आणि जवळच्या ट्रान्समीटरमुळे तिथेच नवी भुतं तयार होतात.

इन-इअरच्या ट्रान्समीटरची अँटेना माईकच्या अँटेनांपासून ३ मीटर तरी लांब ठेवा आणि फ्रिक्वेन्सीतही ८-१० मेगाहर्ट्झची मोकळी फट सोडा. दोन्ही एकाच रॅकच्या माथ्यावर, हे चित्र फार दिसतं. मग माईकची रेंज अर्धी होते आणि दोष माईकला लागतो.

पडदा_उघडा

खूप उपयोगी. म्हणजे यूएचएफ, ४ चॅनेलचे २ रिसीव्हर, २ पॅडल, रॅक विंगेत, इन-इअर दुसऱ्या बाजूला. आणखी दोन शंका. ट्रान्समीटरची पॉवर १, १० आणि ३० मिलिवॅट अशी बदलता येते, तर सगळे ३० वर ठेवायचे ना? आणि केबल टीव्हीची ७५ ओहमची उरलेली भरपूर आहे, ती चालेल का?

आरएफ_रॅक

पॉवर: नाही. १० वर सुरू करा. पॉवर वाढवली की भुतं मूळ सिग्नलपेक्षा खूप वेगाने वाढतात: मूळ १ डेसिबल वाढला तर तिसऱ्या क्रमाचं भूत ३ ने. शिवाय बॅटरी लवकर संपते. तुमच्या १२ मीटरच्या स्टेजला, अँटेना विंगेत असताना, १० पुरेसे आहेत. गर्दीच्या ठिकाणी उलटं करतात: शुअरच्या यूएलएक्स-डीमध्ये दाट बसवायच्या मोडला पॉवर १ मिलिवॅटवर येते आणि त्यामुळेच ६ मेगाहर्ट्झमध्ये ४७ चॅनेल मावतात, नेहमीच्या मोडमध्ये १७. रेंज वाढवायची असेल तर अँटेना जवळ आणा.

७५ ओहम: विजोडपणामुळे होणारं नुकसान स्वतःत फार मोठं नाही. पण स्वस्त केबलचं शिल्डिंग विरळ असतं. तात्पुरतं काम भागेल, फिरत्या प्रयोगाला नको.

विंगेतून

नटांच्या अंगावरच्या भागाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सहा हेडसेटचं अर्धं यश तिथे आहे.

हेडसेट सर्वदिशी (सगळीकडून सारखं ऐकणारा) घ्या की कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा)? नाचात सर्वदिशी बरा. तो तोंडापासून सेंटिमीटरभर सरकला तरी आवाजाचा पोत बदलत नाही आणि श्वासाचे फटके कमी येतात. कार्डिऑइड फीडबॅकला चांगला, पण जागचा हलला की बास गायब. मॉनिटर फार मोठे ठेवणार असाल तरच कार्डिऑइडचा विचार करा. कॅप्सूल (माईकचं टोक) ओठांच्या कोपऱ्याच्या मागे, गालावर, तोंडासमोर नाही. गालावर उंच सूर थोडे कमी येतात, म्हणून त्या कॅप्सूलला वरचे सूर उचलणारी जाळीची टोपी मिळते ती घाला. घाम बूमवरून ओघळत कॅप्सूलमध्ये जातो आणि आवाज अचानक गोधडीखालून आल्यासारखा होतो. कॅप्सूलच्या मागे बूमवर टेपचं बारीक कडं गुंडाळा, घाम तिथून खाली गळतो. दोन जास्तीचे हेडसेट हवेतच. अंकाच्या मध्ये वाळवायला वेळ नसतो.

हेडसेटचा प्लग कंपनीप्रमाणे बदलतो: शुअरला ४ पिनचा मिनी एक्सएलआर, सेनहायझरच्या नेहमीच्या पॅकना स्क्रूने घट्ट होणारा ३.५ मिलिमीटर. आधीचे हेडसेट वापरायचे असतील तर नुसता ॲडाप्टर बसला म्हणजे झालं असं नाही, पिनांची जोडणी आणि पॅक देत असलेलं व्होल्टेज जुळायला हवं.

बॉडीपॅक निओप्रीनच्या पिशवीत. अँटेना मोकळी, सरळ. घामेजल्या कातडीला चिकटली की सिग्नल मोठ्या प्रमाणात अंगातच जिरतो. माईकची जास्तीची वायर अँटेनाभोवती गुंडाळू नका, सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. म्यूट आणि पॉवरचं बटण मेनूतून लॉक करा.

हँडहेल्डला अँटेना खालच्या टोकाला असते. निवेदकाला सांगा की मूठ मधोमध धरायची, तळ झाकायचा नाही. आणि जाळीवर मूठ आवळायची नाही, कारण मागची छिद्रं बंद झाली की कार्डिऑइड सर्वदिशी होतो आणि मॉनिटर शिट्टी मारतो. कॅप्सूल कार्डिऑइड असेल तर मॉनिटर बरोबर मागे, सुपरकार्डिऑइड असेल तर मागून थोडा बाजूला: त्याची सर्वात बहिरी दिशा समोरून १२६ अंशांवर असते, १८० वर नाही.

सेल: एकतर कंपनीचा लिथियम पॅक, नाहीतर निकेल-मेटल-हायड्राइडचे चांगले रिचार्जेबल. मेनूत सेलचा प्रकार सांगितला नाही तर मीटर खोटं बोलतं; अल्कलाइन १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरतो, रिचार्जेबल १.२ वर बराच वेळ स्थिर राहून एकदम कोसळतो. प्रत्येक प्रयोगाला पूर्ण चार्ज, मध्यंतरापर्यंत चालतील असे उरलेले सेल नाहीत.

मिक्सरमागे

गेनबद्दल (माईकचा सिग्नल किती वाढवायचा त्याबद्दल) भर. तालमीत नट अर्ध्या आवाजात बोलतात. नाटकातला सगळ्यात मोठा आक्रोश पूर्ण ताकदीने करून घ्या आणि शिखर डिजिटल कमालीच्या १० डेसिबल खाली येईल असं लावा. डिजिटलमध्ये छत ओलांडलं की कानाला टोचणारा फाटका आवाज येतो, सावरायला जागा नसते. काही संचांत ट्रान्समीटरवर गेनच नसतो कारण कन्व्हर्टरचा पल्ला मोठा असतो (ईडब्ल्यू-डीमध्ये १३४ डेसिबल), ते फिरत्या प्रयोगात सोयीचं पडतं: पॅकला हात लावावा लागत नाही. रिसीव्हरचं आउटपुट माईक लेव्हलवर की लाइनवर, हे आठही चॅनेलना एकच ठेवा.

दोन नट मिठी मारतात तिथे दोघांचे माईक एकमेकांचे आवाज पकडतात आणि आवाज पोकळ होतो. त्या प्रसंगाला एकच माईक उघडा ठेवा. मिक्सरच्या सीनमध्ये (त्या प्रसंगाच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) लिहून ठेवा.

पडदा_उघडा

शेवटचा प्रश्न. नव्या ठिकाणी पोचल्यावर क्रम काय ठेवायचा? आणि प्रयोग चालू असताना एखादा चॅनेल तुटला तर पहिल्यांदा काय बघायचं?

अँटेना_उंच

आधी अँटेना त्यांच्या कायमच्या जागी लावा. एलईडी वॉल, दिवे, प्रोजेक्टर, वाय-फाय, इन-इअर, सगळं चालू करा. आपले सगळे माईक बंद. मग स्कॅन. वॉल बंद ठेवून केलेला स्कॅन निरुपयोगी, कारण प्रयोगात ती चालू असणार. स्कॅनवरून सॉफ्टवेअरने ८ आणि २ राखीव अशा १० फ्रिक्वेन्सी काढा, इन्फ्रारेडने एकेक पॅक सिंक करा, म्हणजे आपापल्या रिसीव्हरशी जुळवा.

आता एकेक माईक चालू करत जा आणि प्रत्येक वेळी अजून बंद असलेल्या चॅनेलचे आरएफ मीटर (हवेतून येणाऱ्या सिग्नलची ताकद दांड्यांनी दाखवणारे) बघा. ट्रान्समीटर बंद असताना तिथे दांड्या दिसत असतील तर त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं काहीतरी आहे, ती बदला. आठही चालू असताना स्टेजच्या प्रत्येक कोपऱ्यात, विंगेत, पाठमोरं होऊन, मूठ पॅकवर ठेवून चाला. माईक टेबलावर एकमेकांना चिकटून मांडून ही चाचणी करू नका. तशा अवस्थेत भुतं तयार होणारच आणि तुम्ही चांगल्या फ्रिक्वेन्सी टाकून द्याल. हातभर अंतर ठेवा.

ॲनालॉग माईक तुटण्याआधी खरखरतो, डिजिटल तसा इशारा देत नाही. कडेपर्यंत स्वच्छ, मग थेट शांतता. म्हणून कानावर भरवसा ठेवता येत नाही, मीटर बघत राहावं लागतं. आरएफ दांड्या कमी आणि आवाज तुटतोय: अंतर, अंग किंवा अँटेना, पॅकची अँटेना दबली आहे का, कुठल्या अँटेनाची केबल निघाली आहे का ते बघा. रिसीव्हरवर ए आणि बी हे दोन अँटेनांचे दिवे असतात; फक्त ए किंवा फक्त बी एवढाच दिवा सगळ्या चॅनेलवर लागत असेल तर दुसऱ्या अँटेनाची केबल गेली. आरएफ दांड्या भरलेल्या आणि तरीही आवाज तुटतोय: कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे, पॅक बदलून काही होणार नाही, राखीव फ्रिक्वेन्सीवर जा. दांड्या भरलेल्या, सिग्नलचा दर्जाही चांगला, पण आवाज येत नाही: हेडसेटची वायर किंवा प्लग, पॅक तोच ठेवून हेडसेट बदला.

विंगेतून

त्यासाठीच राखीव चॅनेल कागदावर नको, हातात हवा. नववा रिसीव्हर आणि नववा हँडहेल्ड, ट्यून केलेला, मिक्सरवर फेडर लावलेला, विंगेत खुंटीवर. हेडसेट गेला तर नट तो उचलून पुढचं वाक्य बोलू शकतो. ४ चॅनेलच्या २ रिसीव्हरमध्ये नवव्याला जागा नाही, म्हणून खरेदीच्या यादीत दोन चॅनेलचा एक रिसीव्हर वाढवा. मात्र त्याला एन्क्रिप्शन (इतरांना ऐकता येऊ नये म्हणून सिग्नल कुलूपबंद करणं) चालू असेल तर सिंक केलेला तोच ट्रान्समीटर चालतो. ऐनवेळी दुसरा पॅक उचलून त्या फ्रिक्वेन्सीवर लावला तर दांड्या दिसतील, आवाज येणार नाही. राखीव हँडहेल्ड प्रयोगाच्या दिवशी त्याच रिसीव्हरशी पुन्हा सिंक करून घ्या आणि त्यावर चिकटपट्टीने चॅनेल नंबर लिहा.